कणझोतांची नाडीपरीक्षा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. 'अणुसंमीलनाच्या संशोधनातील प्रबळ कणझोतांचे निदान' हे शब्द, दिवसभर कचेरीत बसून संध्याकाळी चार घटका गारव्याला येथे आलेल्या माणसाला जडच वाटणार. चिटणिसांनीही आम्हांला विचारले होते, "हे लोकांना झेपेल ना?" आम्ही म्हटले, झेपेल. यातली यंत्रे अवाढव्य आणि बहुतेक परदेशांतली असली, तरी यातला मूळ प्रश्न स्वयंपाकघरातला आहे. ज्या वस्तूला हात लावता येत नाही, जिच्यात उष्णतामापक बुडवता येत नाही, ती किती तापली आहे आणि कोठे तापली आहे, हे ओळखायचे कसे?

'निदान' या शब्दाविषयी एक गंमत सांगून पुढे जातो. शास्त्रज्ञांनी हा शब्द वैद्यांकडून उसना घेतला. रोग्याच्या पोटात काय चालले आहे हे पोट न फाडता ओळखणे म्हणजे निदान. परंतु मराठीत 'निदान' याचा दुसराही अर्थ आहे, 'कमीत कमी'. आणि आज ज्या यंत्रांविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यांच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. कोट्यवधी रुपयांचा झोत सोडायचा, तर निदान तो जातो कोठे एवढे तरी ठाऊक हवे!

अणुसंमीलनाची प्राथमिक माहिती आपणांपैकी बहुतेकांना असेलच, तेव्हा ती थोडक्यात आटोपतो. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे दोन जड भाऊ. त्यांचे अणुगर्भ एकमेकांवर पुरेशा वेगाने आपटले, तर ते एक होतात, त्यातून हेलियमचा अणुगर्भ व एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि त्याबरोबर पुष्कळ ऊर्जा मोकळी होते. हे घडावयास सुमारे १५ कोटी अंश तपमान लागते, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. येवढ्या उष्णतेला वायूच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होऊन त्याचा प्लाझ्मा बनतो. असा प्लाझ्मा कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही. तो चुंबकीय क्षेत्राच्या पिंजऱ्यात, कड्याच्या आकाराच्या पोकळीत, भिंतीला न शिवता अधांतरी फिरत ठेवावा लागतो. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी जी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष आपले डॉ. होमी भाभा होते. येत्या दोन दशकांत ही शक्ती काबूत आणण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. तेव्हा या विषयाची कवाडे बंद होती, प्रत्येक राष्ट्र आपापले संशोधन गुप्त ठेवून होते. भाभांनी ती गोष्ट उघड्यावर आणली, हे त्यांचे मोठे कार्य. दोन दशके लोटली, त्यानंतर आणखी पाच लोटली. भाकीत चुकले ते का, याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एकच आम्ही आज घेणार आहोत. या क्षेत्रात वस्तू तापवणे जितके अवघड, तितकेच ती तापली की नाही हे खात्रीने सांगणे अवघड.

याचा चटका १९५८ साली इंग्लंडने घेतला. हार्वेल येथे 'झीटा' नावाचे कड्याच्या आकाराचे यंत्र होते. त्यात ड्यूटेरियमच्या प्लाझ्मातून प्रचंड वीजप्रवाह सोडला असता न्यूट्रॉन बाहेर पडू लागले. न्यूट्रॉन म्हणजे संमीलनाचा धूर, आणि धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे आपल्या तर्कशास्त्रातले जुनेच उदाहरण. जानेवारीत गाजावाजाने घोषणा झाली, वृत्तपत्रांनी मथळे दिले. मे महिन्यात ती मागे घ्यावी लागली. न्यूट्रॉन खरे होते, पण ते तापलेल्या प्लाझ्मातून येत नव्हते. प्लाझ्मा अस्थिर होऊन आकसे, त्याच्या पोटात विजेचे दाब निर्माण होत, आणि थोडेसे कण त्या दाबाने एका दिशेने फेकले जात. त्या कणांच्या आपटण्यातून ते न्यूट्रॉन निघत होते. म्हणजे निसर्गाने यंत्राच्या आत आपणहून एक लहानसा कणझोत तयार केला होता, आणि त्याची परीक्षा कोणी केली नव्हती.

याच्या उलट गोष्ट दहा वर्षांनी घडली. रशियन शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत सांगितले की, आमच्या टी-३ या टोकामाक यंत्रातला प्लाझ्मा तुमच्या सर्वांच्या यंत्रांपेक्षा कितीतरी अधिक तापतो. झीटामुळे तोंड पोळलेले लोक ताकही फुंकून पिणारच. तेव्हा रशियनांनी इंग्लंडच्या कलहॅम प्रयोगशाळेतील मंडळींना आपली साधने घेऊन मॉस्कोस बोलावले. शीतयुद्धाच्या काळात ही सामान्य गोष्ट नव्हती. इंग्रज शास्त्रज्ञ लेसर आणि पेट्याच्या पेट्या उपकरणे घेऊन गेले, प्लाझ्मामधून लेसरचा प्रकाश सोडला, तो इलेक्ट्रॉनांवरून विखुरताना त्याचा रंग किती पसरतो हे मोजले, आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध केले की तपमान खरोखरच एक कोटी अंशांच्या आसपास आहे. त्यानंतर सर्व जग टोकामाकच्या मागे लागले. प्रतिस्पर्ध्याच्या हाती मापनपट्टी देण्याचा हा दिलदारपणा आम्हांला त्या यंत्राइतकाच मोठा वाटतो.

असो. आता झोताकडे वळू. टोकामाकमध्ये वीजप्रवाह सोडला की प्लाझ्मा तापतो, पण एका मर्यादेपर्यंतच. तांब्याची तार तापली की तिचा विरोध वाढतो. प्लाझ्माचे उलट आहे, तो जितका तापेल तितका त्याचा विरोध घटतो आणि वीज त्याला तापवीनाशी होते. म्हणून बाहेरून उष्णता घालावी लागते. त्याचा एक प्रमुख मार्ग म्हणजे अतिवेगवान अणूंचा झोत आत सोडणे. पण येथे पेच आहे. अणूला वेग द्यायचा तर त्याच्यावर विद्युतभार हवा, कारण विजेचा दाब भारावरच चालतो. आणि चुंबकीय पिंजऱ्यात शिरायचे तर भार नको, कारण भारित कणाला पिंजरा बाहेरच्या बाहेर वळवून टाकतो. जो पिंजरा आतल्याला बाहेर जाऊ देत नाही, तो बाहेरच्याला आत कसा येऊ देईल? यावर तोड अशी की, आधी भारित कणाला वेग द्यायचा, मग वाटेत विरळ वायूतून नेऊन त्याचा भार काढून घ्यायचा. शिवकाळातला हेर जसा हत्यार बाहेर ठेवून बैराग्याच्या वेषात गडावर शिरे, तसा हा अणू उदासीन होऊन आत जातो. आत प्लाझ्माशी टक्कर होताच त्याचा भार परत येतो, आणि मग तो त्याच पिंजऱ्याचा कैदी होऊन आपली ऊर्जा आजूबाजूच्या कणांना वाटून टाकतो. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे १९७८ मध्ये अशाच झोतांनी प्लाझ्मा सहा कोटी अंशांपर्यंत नेला. तेव्हापासून हा मार्ग मान्य झाला.

फ्रान्सच्या दक्षिणेस 'इटर' नावाची अजस्र भट्टी उभारली जात आहे. भारत तिच्या सात भागीदारांपैकी एक आहे. तिचा प्लाझ्मा इतका मोठा की गाभ्यापर्यंत पोचावयास झोताला दहा लाख व्होल्टचा धक्का द्यावा लागतो. येवढ्या वेगाच्या धनभारित अणूचा भार काढणे जवळजवळ अशक्य होते. तो इतक्या झपाट्याने निघून जातो की वाटेत इलेक्ट्रॉन पकडायला त्याला सवडच मिळत नाही. म्हणून तेथे ऋणभारित अणू घेतात. त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जादा असतो, आणि तो इतका सैल धरलेला असतो की वायूत जरा धक्का लागताच गळून पडतो. तरीही शंभरातले साठच उदासीन होतात. उरलेले विजेच्या पट्ट्यांमध्ये वळवून थंड तांब्यावर टाकून द्यावे लागतात.

आता आकडे पाहा. झोताचा वीजप्रवाह ४० अँपियर, दाब दहा लाख व्होल्ट. गुणाकार केला की चार कोटी वॅट होतात, म्हणजे ४० मेगावॅट. त्यातले प्लाझ्मात पोचतात सुमारे साडेसोळा मेगावॅट. निम्म्याहून अधिक वाटेतच खर्ची पडतात. असे दोन झोत योजलेले आहेत. या झोतातला प्रत्येक अणू सेकंदाला सुमारे ९,८०० किलोमीटर जातो, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाचा पाऊण भाग. आणि एका सेकंदात या झोतातून जाणाऱ्या सगळ्या अणूंचे वजन किती, तर एक मिलिग्रॅमही नाही! खसखशीचे दोन-तीन दाणे तळहातावर घ्या; तेवढेच द्रव्य ही सारी शक्ती वाहून नेते. हा झोत सलग तासभर चालावयाचा आहे. तो चुकून दुसरीकडे पडला, तर पाणी फिरवून थंड न केलेला धातू फार काळ तग धरणार नाही. आणि भट्टीत एकदा ट्रिटियमचे प्रयोग सुरू झाले की आसपासचे भाग किरणोत्सर्गी होतात, माणसाला जवळ जाता येत नाही. दुरुस्ती लांबून यंत्राच्या हातांनीच करायची. तेव्हा झोताच्या सवयी आधीच, दुसरीकडे, नीट ओळखून घेतल्या पाहिजेत.

ती ओळख इटलीतल्या पादुआ येथे चालली आहे. पादुआच्या विद्यापीठात गॅलिलिओने १८ वर्षे शिकवले, आणि १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र त्याने तेथूनच पाहिले. त्या गावी दोन यंत्रे शेजारी शेजारी उभी केली आहेत. एक 'स्पायडर', एक लाख व्होल्टचे, ज्यात झोताचा उगम तपासायचा. ते २०१८ मध्ये सुरू झाले. दुसरे 'मिटिका', दहा लाख व्होल्टसाठी. स्पायडरचा उच्च दाबाचा वीजपुरवठा आणि झोत ज्यावर येऊन थांबतो ती तांब्याची भिंत, या दोन्ही गोष्टी भारताने दिलेल्या आहेत, हे आपल्या वर्तमानपत्रांत फारसे छापून आले नाही.

झोत किती शक्तीचा आहे हे सांगणारा सर्वांत जुना आणि भोळा साक्षीदार म्हणजे पाणी. आमच्या लहानपणी घरी तांब्याचा बंब होता. खाली किती लाकडे जळली याचा हिशेब आजी लाकडे मोजून करीत नसे, किती घागरी पाणी कढत झाले यावरून करी. येथेही तेच. झोताच्या वाटेत तांब्याची भिंत आणायची, तिच्या पोटातल्या नळ्यांतून पाणी खेळवायचे, आत जाणारे पाणी किती गार आणि बाहेर पडणारे किती ऊन, हे मोजायचे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोजूल लागतात. सेकंदाला दहा लिटर पाणी दहा अंशांनी तापले, तर भिंतीवर ४२० किलोवॅट पडले, असा सरळ हिशेब. पाणी खोटे बोलत नाही. पण ते बोलते हळू, आणि बोलते तेही मोघम. एकूण किती उष्णता आली हे ते सांगेल, कोठे पडली हे सांगणार नाही. झोत भिंतीवर सारखा पसरला असो की एका बोटभर जागेवर एकवटून भोक पाडायच्या बेतात असो, पाणी तेवढेच तापते. म्हणून प्रत्येक अंगाचे पाणी वेगळे मोजतात, आणि संध्याकाळी दुकानदाराने गल्ला मांडावा तसा जमाखर्च मांडतात. विजेने इतके दिले. इतके जाळ्यांवर गेले, इतके वळवून टाकले, इतके भिंतीवर आले. बेरीज जुळली नाही तर त्या तुटीतच खरी बातमी असते.

येथे कोणी विचारील, वीजपुरवठ्यावर अँपियरचा काटा आहे ना, मग येवढी खटपट कशाला? तर तो काटाच सर्वांत लबाड साक्षीदार आहे. ऋणभारित अणू ओढून घेताना त्यांच्याबरोबर मोकळे इलेक्ट्रॉनही ओढले जातात, कारण दोघांचाही भार ऋणच. लोहचुंबकांनी पुष्कळसे इलेक्ट्रॉन बाजूला काढतात, पण काही निसटतात. शिवाय काही अणू निम्म्या वाटेतच आपला जादा इलेक्ट्रॉन गमावून बसतात, आणि तो सुटा इलेक्ट्रॉन पुढे धावतो. काट्याला हे सगळे सारखेच. जत्रेत किती माणसे आली हे फाटकावरच्या तिकिटांवरून सांगता येईल, पण त्यांपैकी देवदर्शनाला किती आले आणि खिसे कापायला किती, हे तिकीट सांगत नाही.

कोठे तापले हे सांगणारा साक्षीदार पादुआत मोठ्या कल्पकतेने घडवला आहे. स्पायडरमधून एक झोत निघत नाही. १,२८० छिद्रांतून तितक्याच धारा निघतात. छिद्रांची मांडणी आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी आहे: आडवे पाच, उभे सोळा असे ऐंशी ठिपके, आणि अशा सोळा रांगोळ्या चार ओळींत. या धारांसमोर कार्बनच्या सोळा फरश्या उभ्या करतात, प्रत्येक रांगोळीला एक. हा कार्बन साधा नाही. त्यातले तंतू हिराच्या केरसुणीतल्या काड्यांसारखे सगळे एकाच दिशेला, पुढून मागे असे, लावलेले असतात. त्यामुळे पुढे पडलेली उष्णता मागच्या बाजूला चटकन पोचते, पण आजूबाजूला पसरत नाही. मागच्या दिशेने ती बाजूच्यापेक्षा सुमारे वीसपट सहज वाहते. पुढच्या बाजूवर जसे ठिपके उमटले, तसेच मागे उमटतात. आणि फरशीच्या पाठीकडे उष्णतेचे किरण टिपणारा कॅमेरा रोखलेला असतो. पुढून का पाहत नाहीत? पुढे झोताचा आणि वायूचा प्रकाश असतो, फरशीवरून उडालेला कण-कचरा असतो. तेथे काचेला फार वेळ सुखाने राहता येणार नाही. तव्यावरची भाकरी पाठीला कोठे डागळली आहे त्यावरून चुलीतले लाकूड कोठे पेटले आहे हे बायका ओळखतात, तशीच ही युक्ती. या फरश्यांत पाणी खेळवलेले नसते, त्यामुळे त्या काही सेकंदच झोत सोसू शकतात. पण तेवढ्यात रांगोळीतला कोणता ठिपका मोठा, कोणता फिका, कोणता सरकलेला, हे एका चित्रात कळते.

तिसरा साक्षीदार आम्हांला सर्वांत आवडतो, कारण तो झोताला स्पर्शही करीत नाही. तो म्हणजे प्रकाश. झोताच्या वाटेत थोडा वायू असतोच. त्याच्याशी टकरा होऊन झोतातले काही अणू उत्तेजित होतात आणि लाल रंगाचा प्रकाश टाकतात. हायड्रोजनचा हा लाल ठरलेला आहे, त्याची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर. पण फलाटाकडे येणाऱ्या आगगाडीची शिट्टी जशी उंच स्वरात ऐकू येते आणि निघून जाणाऱ्या गाडीची खालच्या, तसे धावत्या अणूच्या प्रकाशाचेही होते. आपल्याकडे येणाऱ्या अणूचा रंग निळ्याकडे सरकतो. एक लाख व्होल्टचा हायड्रोजन सेकंदाला सुमारे ४,४०० किलोमीटर धावतो. त्याच्याकडे साठ अंशांच्या कोनातून पाहिले तर रंग सुमारे ४.८ नॅनोमीटर सरकतो. आणि सुखाची गोष्ट अशी की, वाटेतला वायू जागच्या जागी असल्यामुळे त्याची रेघ मूळ ठिकाणीच उमटते. म्हणजे मोजपट्टीचा शून्याचा आकडा त्याच चित्रात आयताच मिळतो.

या सरकलेल्या रेघेतून किती गोष्टी वाचता येतात! ती किती सरकली यावरून वेग. किती तेजस्वी आहे यावरून अणूंचे प्रमाण. धनभारित अणूंच्या जुन्या झोतांत दोन अणूंचे आणि तीन अणूंचे रेणूही घुसलेले असत. ते फुटले की प्रत्येक अणूच्या वाट्याला निम्मी किंवा तृतीयांश ऊर्जा येई, आणि एकीच्या जागी तीन रेघा उमटत. गवळ्याने दुधात किती पाणी घातले ते दुग्धमापकाने कळावे, तसे या तीन रेघांवरून झोताचे निर्भेळपण कळते. ऋणभारित अणूंच्या झोतात, वाटेतच इलेक्ट्रॉन गमावलेले आळशी अणू या दोन रेघांच्या मधल्या जागेत अस्पष्ट प्रकाश टाकतात. आणि रेघ किती रुंद आहे, यावरून कळते ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट, झोताचे पसरणे. सगळे अणू एकाच दिशेने जात असतील तर रेघ बारीक. थोडे इकडे थोडे तिकडे भरकटत असतील तर प्रत्येकाचा कोन वेगळा, म्हणून रंग वेगळा, म्हणून रेघ जाड.

या पसरण्यापाशी आम्ही जरा थांबतो, कारण सारे अडून राहिले आहे ते येथे. इटरच्या झोताला घातलेली अट अशी, की एकेका धारेचे पसरणे सात मिलिरेडियनपेक्षा अधिक नको. मिलिरेडियन म्हणजे एक मीटर पुढे गेल्यावर एक मिलिमीटर बाजूला. ऐकायला हे फार थोडे वाटते. पण झोत वीस मीटर जायचा आहे, आणि शेवटी त्याला एका अरुंद बोळातून भट्टीत शिरायचे आहे. सात मिलिरेडियनने वीस मीटरवर १४ सेंटिमीटर होतात. बारा धरले तर २४. बोळाच्या भिंतीला हे दहा सेंटिमीटर फार महाग पडतात, आणि प्लाझ्माच्या वाट्याचे तेवढे कमी होते.

स्पायडरमध्ये पहिल्या वर्षांत काय झाले ते ऐका. भांड्यात वायूचा दाब अपेक्षेपेक्षा जास्त राहू लागला, आणि उगमाच्या पाठीमागे नको तेथे विजेच्या ठिणग्या पेटू लागल्या. वायू कमी सुटावा म्हणून १,२८० पैकी बहुतेक छिद्रे पत्र्याने झाकून मोजकीच उघडी ठेवली. हा खरे म्हणजे नाइलाज होता. पण मोजणाऱ्यांच्या दृष्टीने तो पर्वणी ठरला. सगळी रांगोळी एकदम उमटली असती तर ठिपके एकमेकांत मिसळले असते. आता प्रत्येक धार एकटी, सुटी दिसू लागली. तिचा ठिपका कार्बनवर निराळा, तिची रेघ प्रकाशात निराळी. आणि त्या एकेकट्या धारांनी सांगितले की पसरणे सातांत बसत नाही. दहाच्या वरचे आकडे येत आहेत.

येथे घाई करून चालणार नाही. यंत्र तेव्हा पूर्ण दाबावर आणि पूर्ण प्रवाहावर चालत नव्हते, आणि दाब व प्रवाह यांचा मेळ बसल्याशिवाय धार बारीक होत नाही. तेव्हा काही दोष त्या कमी शक्तीचा असणार. शिवाय साक्षीदारांचेही एकमत नव्हते. प्रकाशाची रेघ एका दृष्टिरेषेवरच्या सगळ्या अणूंची सरासरी सांगते, कार्बनवरचा ठिपका गाभा ठळक दाखवतो आणि भोवतालची फिकी प्रभा लपवतो. परंतु जपानमध्ये तापलेल्या तारांनी प्लाझ्मा पेटवणारे जे उगम आहेत, त्यांच्या धारा बारीक निघतात. आणि तारा झिजतात म्हणून इटरसाठी रेडिओलहरींनी पेटवणारे जे उगम पत्करले, त्यांच्या धारा जाड निघतात. हा फरक एका यंत्राचा लहरीपणा नव्हे. रेडिओलहरींच्या उगमात ऋणभारित अणू जन्मताच अधिक चुळबुळे असतात काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. २०२१ च्या अखेरीस स्पायडर बंद करून त्याची मोठी दुरुस्ती केली, रेडिओलहरींची जुनी निर्वातनळ्यांची यंत्रे काढून नवी घनस्थिती यंत्रे बसवली, आणि २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

आता हे सारे आपल्या दाराशी कसे येते ते सांगतो. इटरमध्ये प्लाझ्मा तापवणाऱ्या झोतांखेरीज आणखी एक झोत आहे, आणि तो पुरवण्याची जबाबदारी भारताची आहे. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या आवारात त्याच्या चाचणीची सोय उभारली आहे. एक लाख व्होल्टचा, ६० अँपियरचा हा हायड्रोजनचा झोत आहे, आणि त्याचे काम तापवणे हे नाही. तो स्वतःच निदानाचे साधन आहे. संमीलन होऊ लागले की त्यातून हेलियम तयार होतो. हेलियम म्हणजे या चुलीची राख. चूल चांगली पेटली पण राख काढली नाही, तर थोड्या वेळाने जाळ मंदावतो, हे येथे बसलेल्या वडील मंडळींना सांगायला नको. पण १५ कोटी अंशांच्या चुलीत राख किती साठली हे कळणार कसे? हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन गेलेले असतात, त्यामुळे तो प्रकाश टाकत नाही. अंधारातल्या चोरासारखा असतो. भारताच्या झोतातला अणू त्याच्याजवळून जाताना आपला इलेक्ट्रॉन त्याला देऊन टाकतो. तो इलेक्ट्रॉन मिळताच हेलियम ४६८.६ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकतो, आणि पकडला जातो. त्या निळ्या रेघेचे तेज पाहून राख किती, आणि रुंदी पाहून ती किती तापलेली, हे कळते.

परंतु निळे तेज दोन गोष्टींवर अवलंबून आहे: राख किती आणि झोत किती. झोत किती पोचला हे नक्की ठाऊक नसेल, तर राखही नक्की सांगता येत नाही. झोत जाड झाला, बोळातच अर्धा अडकला, आणि आपल्याला ते कळले नाही, तर राख कमी आहे अशी खोटीच समजूत होईल. तराजूच्या काट्यात खोट असताना धान्याला दोष देण्यासारखे ते आहे. म्हणजे मोजणाऱ्याचीच मोजणी आधी करावी लागते. आणि पसरण्याची अडचण या झोताला मोठ्या झोतांपेक्षा अधिक नडते. कणाचा आडवा वेग तितकाच राहिला, तर पुढे धावण्याचा वेग जितका कमी तितका कोन मोठा होतो. दहा लाख व्होल्टच्या झोताचा सरळ धावण्याचा जोर त्याचा चुळबुळेपणा झाकून टाकतो. लाखाच्या झोतापाशी तेवढा जोर नाही. आणि त्याची वाट तर वीस मीटरहून थोडी जास्तच आहे. म्हणून पादुआत उमटलेल्या त्या ठिपक्यांकडे गांधीनगरची मंडळी केवळ कुतूहलाने पाहत असतील असे आम्हांला वाटत नाही.

इटरच्या २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकाप्रमाणे तेथे प्रयोगांना २०३४ मध्ये आरंभ व्हायचा आहे, आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमची खरी चूल २०३९ मध्ये पेटायची आहे. राख त्यानंतरची. तोपर्यंत सात या आकड्याचे काय होते, हे कार्बनच्या फरश्यांच्या पाठीवर आणि लाल रेघेच्या जाडीत पाहायचे आहे.

अध्यक्षांनी घड्याळ काढून समोर ठेवले आहे, तेव्हा आता थांबतो. कोणाला शंका असतील तर त्या खुशाल विचाराव्यात. झीटाच्या न्यूट्रॉनांविषयी विचारल्यास आम्हांला विशेष आनंद होईल, कारण त्यातला पुष्कळ भाग वेळेअभावी गाळावा लागला.